तात्यांच्या पानावरचं सोयाबीन

"आला, आला. कुणी हलू नका," बापूकाका कुजबुजले आणि आम्ही चौघं गच्चीच्या दारात श्वास रोखून उभे राहिलो.

कावळा कठड्यावर उतरला, केळीच्या पानापासून हातभर लांब. त्याने मान एका बाजूला तिरकी करून पान पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून पाहिलं. एक उडी मारून तो जवळ आला, पांढऱ्या चौकोनी वडीला चोच लावली, ती उचलली आणि सरळ कठड्याखाली भिरकावून दिली. मग चोच सिमेंटवर दोनदा घासली आणि शेजारच्या अँटेनावर जाऊन पाठ करून बसला.

"शिवला," मामा म्हणाले.

"टाकून दिलं त्यानं," आत्या म्हणाल्या.

"चोच लागली का नाही? चोच लागली की शिवला."

"चोच पुसली त्यानं नंतर. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी."

दोघांनी बापूकाकांकडे पाहिलं. काकांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती, त्यामुळे घरातल्या कुठल्याही तंट्याचा निकाल तेच देत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "घास चोचीत गेला, पण पोटात गेला नाही," ते म्हणाले. "मी हे शिवणं धरू शकत नाही, दादा. दोन वाजेपर्यंत मुदत देतो."

तेव्हा पावणेएक वाजला होता आणि आम्ही सकाळपासून उपाशी होतो.

मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव जगदाळे. आत्या म्हणजे सासूबाई आणि बापूकाका म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. आमच्या सांगलीकडे सून सासू-सासऱ्यांना आत्या-मामाच म्हणते. माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. नवरा पुण्याला नोकरीत, शनिवारी यायचा आणि रविवारी रात्री सुटका झाल्यासारखा परत जायचा. बाकीचे पाच दिवस त्या पुस्तकाच्या तोंडी मी होते.

पुस्तक होतं शंभरी गाठलेल्या माणसांच्या जेवणाचं. कुठल्याशा बेटावरच्या म्हाताऱ्या काय शिजवतात, कुठल्याशा डोंगरातले नव्वदीचे गडी न्याहारीला काय खातात, असं सगळं कृतींसकट त्यात दिलं होतं. मामांनी ते ग्रंथप्रदर्शनातून आणलं आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. मामांचे आजोबा सदुसष्टाव्या वर्षी गेले. वडील, म्हणजे तात्या, तेही सदुसष्टाव्या वर्षीच. मामांना सहासष्ट पूर्ण होऊन सातवा महिना लागला होता.

साखर कारखान्यात जन्मभर केमिस्ट होते ते. स्वयंपाकही प्रयोगशाळेसारखाच करायचे. कढीत थर्मामीटर बुडवायचे. कणकेत किती पाणी गेलं ते वहीत लिहायचे. तीसेक वर्षं साखर तयार केलेल्या माणसाने घरातला साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला होता. पुस्तकात लिहिलं होतं की पोट दहातले आठ हिस्से भरलं की उठावं. मामांनी त्याचा हिशोब मांडून "तेरा आणे" असं ठरवलं आणि रोज तेरा आण्यांना आम्हाला पाटावरून उठवलं. उरलेले तीन आणे मी आणि आत्या दुपारी भिंतीला टेकून आठवत बसायचो.

जे इथे मिळत नाही त्याला मामा पर्याय शोधायचे. समुद्रातली शेवाळ पाहिजे होती, ती त्यांनी रत्नागिरीच्या एका ओळखीच्या माणसाकडून वर्तमानपत्रात गुंडाळून मागवली. आत्यांनी काथ्या समजून त्या शेवाळीनेच दोन पातेली घासली. मामा म्हणाले, राहिलेली चालेल. तिच्यात एक छोटा खेकडाही निघाला, तो मात्र त्यांनी सोडून दिला. सोयाबीनचं पनीर ते घरीच करायचे. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, जुन्या धोतरातून पिळायचं आणि वर लिंबू. धोतराचं एक टोक त्यांच्याकडे आणि दुसरं माझ्याकडे असे. आमचं नातं त्या पिळण्यातूनच तयार झालं म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंत आत्यांनी सगळं सोसलं होतं. पण भाद्रपद आला आणि तात्यांचा म्हाळ जवळ आला. म्हाळाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान करून गच्चीवर ठेवायचं. कावळा जेवला की मग घरच्यांनी जेवायचं. तात्यांच्या आवडीचे पदार्थ आत्यांना तोंडपाठ होते. तळलेले वडे, गव्हाची दाटसर खीर, तुपातली भोपळ्याची घारी.

"हा म्हाळ पुस्तकातून होणार," मामा आदल्या दिवशी म्हणाले.

आत्यांना आधी ते कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "अहो, जिवंत माणसाचं ठीक आहे. मेलेल्या माणसाला आता आणखी किती जगवणार आहात तुम्ही?"

"ते मला माहीत नाही. तात्यांचं पान मी करणार."

"कावळा तोंड लावणार नाही त्याला."

"लावेल."

"आणि नाही लावलं तर?"

मामांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "नाही शिवला तर उद्यापासून स्वयंपाकघर तुझं. पुस्तक रद्दीत. शिवला तर वर्षभर मी करीन ते सगळ्यांनी खायचं, नाकं न मुरडता."

"बापूभाऊजींसमोर म्हणा," आत्या म्हणाल्या.

बापूकाकांना बोलावून आणलं, त्यांच्यासमोर ठरलं, आणि म्हणून त्या दिवशी तात्यांच्या पानावर वाफवलेले वडे होते. बिनतेलाची उकडलेली गवार होती. साखरेऐवजी खजूर घातलेली जवाची खीर होती. मधोमध सोयाबीनच्या पनीरच्या तीन पांढऱ्या वड्या होत्या. आता दोन राहिल्या होत्या.

"तात्या," बापूकाकांनी अँटेनाकडे बघून हात जोडले. कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्याची काही इच्छा राहिलेली असते, ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. "तात्या, मी रोज दाढी करीन."

कावळ्याने पंख खाजवले.

"तुमची सायकल मोडीत घालणार नाही. चेन बसवून घेतो."

"तसं नव्हे," आत्या म्हणाल्या. "तात्या, पुढच्या वर्षी वडे तळून घालीन तुम्हाला. मी स्वतः."

"हे आमिष झालं," मामा म्हणाले. "बापू, हे चालत नाही."

"चालतं," बापूकाका म्हणाले.

खालच्या पडवीतून शिदूअण्णांचा आवाज आला. शिदूअण्णा तात्यांचे तालमीतले जोडीदार. वय शहाऐंशी, जिना चढवत नसे. म्हाळाला पितरांच्या नावाने त्यांना जेवायला बोलवायची रीत होती आणि ते दहा वाजल्यापासून येऊन बसले होते. "रंगा, शिवला का रं?"

"नाही अजून, अण्णा."

"चिमटीभर तंबाखू ठेव की पानावर. त्येला लागत हुती जेवल्यावर."

"तंबाखू पुस्तकात बसत नाही, अण्णा."

"अरं, मेलाय त्यो. आता काय वाईट हुयाचं ऱ्हायलंय त्येचं?"

मामांनी वाकून वाफवलेले वडे पानावर जरा पुढे सरकवले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सगळे खाली जा. गर्दी बघून बुजतोय तो. मी अण्णांना पाणी देऊन येतो." आणि सगळ्यांच्या आधी तेच जिना उतरले.

आत्या आणि काका त्यांच्या मागे गेले. मी गेले नाही. पाण्याच्या टाकीमागे एक उपडी कुंडी होती आणि तिच्याखाली पिशवीत पावशेर फरसाण होतं. गेले पाच महिने त्या कुंडीखाली काही ना काही असेच. आठ महिन्यांची सून असं करते हे मी कौतुकाने सांगत नाही, पण तेरा आण्यांवर राहून बघा म्हणजे कळेल.

टाकीमागे उकिडवी बसून मी पहिली मूठ तोंडात टाकली. अँटेनावरचा कावळा माझ्याकडे बघायला लागला. शेवेच्या वासाने त्याचा सगळा नूरच पालटला होता. आणि तिथे माझ्या मनात पाप आलं.

कावळा पानाला शिवला तर आणखी वर्षभर शेवाळ. न शिवला तर उद्या पिठलं, परवा भरली वांगी, आणि दसरा उलटल्यावर पहिल्या बुधवारी मटण, लाल तर्रीचं. दोन वाजायला तासभर होता. तेवढा वेळ कावळ्याला दुसरीकडे गुंतवून ठेवलं की झालं.

मी टाकीच्या मागच्या बाजूला शेव टाकली. कावळा आला. त्याने शेव खाल्ली, ओरडला, आणि अजून दोघं आले. मी गाठी टाकल्या, शेंगदाणे टाकले. थोड्याच वेळात माझ्यापुढे सहा कावळे पंगतीला बसल्यासारखे जेवत होते आणि मी त्यांना वाढत होते. तिकडे कठड्यावरचं पान उन्हात वाळत होतं. मला हसू येत होतं आणि तोंडात शेव असल्यामुळे ते दाबावं लागत होतं.

तेवढ्यात जिन्यात मामांची पावलं वाजली. मी टाकीला चिकटून बसले.

मामा एकटेच होते. त्यांनी पानावर बसलेल्या माश्या धोतराच्या सोग्याने हाकलल्या. मग कठड्याजवळ खाली बसले, दुडूम करून, म्हातारी माणसं बसतात तसे. पानाची उन्हाने वळलेली कड बोटाने सपाट केली. मला वाटलं, उठतील आणि जातील.

"तात्या, खा की," ते म्हणाले. "चांगलं लागत नाही, मला माहीत आहे. मलाही आवडत नाही."

मी चावायची थांबले.

"पण त्या दिवशी मी हेच वाढायला पाहिजे होतं तुम्हाला. मी हेड केमिस्ट झालो, त्याचं जेवण होतं. तुम्ही पानावर हात आडवा धरला होता. रंगा, पुरे, म्हणत होता. मी म्हणालो, माझ्यासाठी एक वाटी. तुम्ही हात काढला. मग मी म्हणालो, आणखी एक. तुम्ही हसत होता. चार वाट्या श्रीखंड घातलं मी तुम्हाला आग्रह करकरून, आपल्या कारखान्याच्या साखरेचं. मला किती बरं वाटत होतं. आणि जेवून जरा पडतो म्हणालात ते उठलाच नाही."

खाली बापूकाका शिदूअण्णांना काहीतरी मोठ्याने सांगत होते. मामांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"डॉक्टर म्हणाले, श्रीखंडाचा काही संबंध नाही. बापूही तेच म्हणतो. तेवीस वर्षं म्हणतोय. असेल तसं." त्यांनी नाक पुसलं. "मी आज आग्रह करत नाही, तात्या. तुम्हाला पाहिजे तेवढंच खा. पण थोडं तरी खा. ह्यानं काही होत नाही माणसाला. मी सगळं बघून केलंय."

ह्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून मामांनी कुणाला "अजून एक घे" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझी आई एकदा इथे जेवून गेली तेव्हा वाटेत म्हणाली होती, माणसं चांगली आहेत गं, पण वाढायला हात आखडतात. मी ते पुस्तकाच्या माथी मारलं होतं. आणि सदुसष्टचंही आम्ही सगळ्यांनी उगाचच धरलं होतं. मामा स्वतःच्या जिवासाठी शिजवत नव्हतेच. इतका चांगला माणूस, आणि मी त्याच्या बापाच्या वाटचा कावळा पावशेर फरसाणावर फितवला होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

मी हाताने कावळ्यांना पानाकडे ढकलायला लागले. जा की रे, जा तिकडे, असं ओठांनी नुसतं. एकही हलला नाही. सहाच्या सहा तुडुंब जेवले होते. एकाने माझ्यासमोर बसल्या बसल्या डोळे मिटले.

मामा उठले. धोतराने तोंड पुसलं, पानाकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेले. त्यांची पावलं अर्ध्या जिन्यात क्षणभर थांबली आणि मग पुढे गेली.

कसलीतरी खुडबूड ऐकून, उंदीर समजून ते पुढे गेले असावेत; ती कुणाची ते मला लगेच कळलं. जिन्याच्या वळणावर कोळशाच्या पोत्यांची जुनी कोठी होती आणि तिच्या दारातून आत्या बाहेर आल्या. कधीपासून आत उभ्या होत्या देव जाणे. पदराला काळं लागलं होतं. त्या गच्चीवर आल्या, मागे वळून जिना बघून घेतला, आणि तरातरा कठड्यापाशी गेल्या. पानावरची सोयाबीनची वडी उचलली आणि तोंडात टाकली.

पितरांच्या पानातला घास. अजून कावळा शिवला नव्हता, घरात कुणी जेवलं नव्हतं, आणि आत्या तर तेरड्याचं फूल देवाला वाहताना हात दोनदा धुणाऱ्या. त्या डोळे घट्ट मिटून चावत होत्या. गिळताना त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथेही हसू आलं. मग त्यांनी दुसरी वडी घेतली. तीही खाल्ली. वड्याच्या कडा नखाने टोकरल्या, खिरीत बोट फिरवलं, जवाचे चार दाणे कठड्यावर सांडले. आणि हात पुसत वळल्या तर समोर मी, हातात पिशवी आणि भोवती सहा कावळे.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

"तू काय बघितलंस?" आत्यांनी विचारलं.

"कावळा," मी म्हणाले.

"केवढा होता?"

"चांगला मोठा होता."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या जवळ आल्या, पिशवीत हात घातला आणि एक मूठभर शेव तोंडात कोंबली. "अगं, साबण खाल्ल्यासारखं लागतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सोयाबीनमुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही.

त्या दारात गेल्या आणि जिन्यातून खाली ओरडल्या, "अहो, शिवला. कावळा शिवला."

मामा धावत वर आले. सहासष्ट वर्षांचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत आला. बापूकाका मागून चष्मा सावरत आले, पानावर वाकले, बराच वेळ तपासणी केली. "वडा टोकरलाय," त्यांनी जाहीर केलं. "खीर घेतली. आणि पनीर, दादा, एक कणसुद्धा ठेवला नाही."

"दोन्ही वड्या?" मामांनी विचारलं.

"दोन्ही."

"तू बघितलास खाताना?" मामांनी आत्यांना विचारलं.

"मिटक्या मारत खात होता," आत्या म्हणाल्या.

बापूकाकांची नजर आत्यांच्या पदरावरच्या कोळशाकडे गेली, माझ्या हातातल्या पिशवीकडे गेली, टाकीवर पेंगणाऱ्या कावळ्यांकडे गेली. जन्मभर साक्षीदार पाहिलेला माणूस तो. "निकाल दादांच्या बाजूने," ते म्हणाले. "आता अपील चालणार नाही."

ते पुस्तक आमच्याकडे पुढे वर्षभरच काय, सहा वर्षं चाललं. मामा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. आत्या नेहमी कावळ्याला द्यायच्या. मी फक्त त्या दिवशीच्या जेवणाचं सांगून थांबते.

शिदूअण्णांना मधोमध बसवलं. त्यांच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला आत्या, मग मी. मामा वाढायला उभे राहिले. पहिली वाढणी झाली, सगळे हळूहळू जेवले. अण्णांनी खीर चाखली आणि "औषध हाय का ह्ये?" एवढंच विचारून निमूटपणे संपवली. आता मामा उठा म्हणतील म्हणून मी ताटातला शेवटचा घास उचलला.

पण मामा सोयाबीनच्या वड्यांचं पातेलं घेऊन परत आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लहान मुलाला बक्षीस मिळाल्यावर होतो तसा तो झाला होता. आत्यांच्या पानासमोर ते वाकले, दोन वड्या पळीत घेतल्या, आणि पळी तशीच धरून थांबले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"अगं," ते म्हणाले, "एक घे की अजून. माझ्यासाठी."

बापूकाकांचा हात तोंडाशी थांबला. शिदूअण्णासुद्धा वर बघायला लागले.

आत्यांचा हात पानावर आडवा यायला निघालाच होता. तो त्यांनी मधेच वळवला, पदर सारखा केला आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "एक कशाला, दोन्ही वाढा."